यंत्राने सांगितल्यानंतर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१९७२ साली इंग्लंडमधील लीड्स शहरात टिम द डोम्बल नावाचे शल्यचिकित्सक आणि त्यांचे सहकारी पोटदुखीच्या मागे लागले होते. अचानक पोटात दुखू लागले म्हणून आलेल्या माणसाला अ‍ॅपेंडिक्स आहे, अल्सर फुटला आहे, पित्ताशय सुजले आहे की विशेष काहीच नाही, हे ठरवणे आजही सोपे नाही. सीटी स्कॅन हाताशी नव्हता तेव्हा तर पुष्कळदा पोट उघडल्यावरच खरे काय ते कळे. दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, उलटी झाली का, दाबल्यावर काय झाले, अशी ३०४ रुग्णांची माहिती या मंडळींनी ठरावीक छापील तक्त्यावर टिपली आणि बेझच्या संभाव्यता-सूत्रावर चालणाऱ्या संगणकाला दिली. संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर निघाले. पथकातील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के वेळा.

पन्नास वर्षांपूर्वीचे हे आकडे वाचून कोणीही विचारेल, मग हे यंत्र प्रत्येक कॅज्युअल्टीत का पोहोचले नाही? आमचे अभ्यासक्षेत्र या प्रश्नापाशी सुरू होते, म्हणून वाचकाचे स्वागतही इथेच करतो.

लीड्सची गोष्ट पुढे अधिक रंगते. दोन वर्षांनी याच गटाने लक्ष डॉक्टरांकडे वळवले. प्रयोग चालू असताना डॉक्टरांची स्वतःची निदाने सुधारत गेली होती, आणि यंत्र काढून घेतल्यावर ती पुन्हा जुन्या जागी आली. १९८६ मध्ये आठ रुग्णालयांतील १६,७३७ रुग्णांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या तपासणीतील निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली होती, विनाकारण पोट उघडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले होते, आणि अ‍ॅपेंडिक्स फुटण्याचे प्रमाण २३.७ वरून ११.५ टक्क्यांवर आले होते. आता याचे श्रेय कोणाला द्यायचे? संगणकाला? प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायला लावणाऱ्या कागदाला? की ‘तुमची इतकी निदाने चुकली’ हे डॉक्टरांना नियमित कळू लागले, त्याला? हा वाद बराच चालला. माझे मत विचाराल तर ते कागदाकडे झुकते. आणि लीड्सच्या रुग्णांवर घडवलेली हीच पद्धत कोपनहेगनच्या रुग्णांना लावली तेव्हा तिची धार कमी झाली, हेही लक्षात ठेवण्याजोगे. आजार तेच असले तरी दारात येणारे लोक, त्यांची वये, ते किती उशिरा येतात, हे सारे गावागणिक बदलते.

यंत्र बरोबर सांगते का, हा एक प्रश्न. त्याचा अभ्यास संगणकशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ करतात, आणि उत्तम करतात. यंत्राने सांगितल्यानंतर वॉर्डात काय होते, हा दुसरा. तो पडदा कोण पाहतो, किती वाजता, त्याच्या हाताखाली त्या वेळी किती रुग्ण असतात, तो फोन कोणाला लावतो, फोन घेणारा ऐकतो का, ऐकलेच तर करण्याजोगे काही हाताशी असते का? रुग्णालयांनी वैद्यकीय निर्णयांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कशी स्वीकारली, कशी नाकारली, आणि बहुतेक वेळा कशी घेऊन बाजूला ठेवून दिली, याचा अभ्यास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. त्याला डॉक्टर लागतात, तशाच परिचारिका, समाजशास्त्रज्ञ, वकील आणि हिशेब ठेवणारी माणसेही लागतात. या क्षेत्रात कोणी एकटा तज्ज्ञ असू शकत नाही, आणि नवख्याला ही मोठी सोय आहे.

इतिहासातला आणखी एक टप्पा घाईने पाहून घेऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ नावाची प्रणाली घडवली. रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांवर कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती शेकडो नियमांच्या आधारे सांगत असे. १९७९ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांना तिची उत्तरे आणि डॉक्टरांची उत्तरे, कोणाची कोणती हे न सांगता, तपासायला दिली तेव्हा ती त्याच विद्यापीठाच्या अध्यापकांच्या तोडीची ठरली. तरी ती वॉर्डात कधीच नांदली नाही. एका रुग्णासाठी टर्मिनलपुढे बसून प्रश्नामागून प्रश्नाचे उत्तर टंकायला वेळ कोणाकडे होता? आणि चूक झाली तर सही कोणाची? पहिली अडचण आता बरीचशी सुटली आहे, कारण रुग्णाच्या नोंदी संगणकात आपोआप येतात. दुसरी आहे तिथेच आहे.

आता सेप्सिसकडे वळू. या क्षेत्राचे जवळजवळ सगळे धडे या एका आजारात सापडतात, म्हणून इथे थोडे रेंगाळणार आहे. जंतुसंसर्गाला शरीर असे काही प्रत्युत्तर देऊ लागते की स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. प्रतिजैविक लवकर मिळाले तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते. सुरुवातीची लक्षणे मात्र साध्या तापासारखी. नाडी, रक्तदाब, श्वास, लघवीचे प्रमाण आणि रक्ततपासण्या यांवर अखंड नजर ठेवून धोक्याची सूचना द्यायची, हे यंत्राला शोभणारे काम. अमेरिकेतील ‘एपिक’ कंपनीची रुग्णनोंदींची प्रणाली तिकडच्या शेकडो रुग्णालयांत आहे, आणि तिच्यासोबत सेप्सिसचे भाकीत करणारे मॉडेलही मिळत असे. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ते आपल्या रुग्णालयातील ३८ हजारांहून अधिक रुग्णभरतींवर तपासले. एक सेप्सिसचा आणि एक बिनसेप्सिसचा असे दोन रुग्ण समोर ठेवले तर यंत्र त्यांतला योग्य रुग्ण किती वेळा अधिक धोक्याचा ठरवते, अशी एक मोजपट्टी असते, ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक, १ म्हणजे कधीच न चुकणे. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा ०.७६ ते ०.८३ होता. मिशिगनमध्ये तो ०.६३ भरला. सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटले, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या नावाने इशारे वाजले.

माझ्या दृष्टीने त्या निबंधातील सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. सेप्सिस झालेल्या २,५५२ रुग्णांपैकी ज्यांना प्रतिजैविक वेळेवर मिळाले नव्हते आणि ज्यांना यंत्राने हेरले, असे रुग्ण फक्त १८३. म्हणजे डॉक्टरांना ठाऊक नव्हते असे काही यंत्राने सांगितले, ते शंभरात सात जणांच्या बाबतीत. मॉडेलला पुरवलेल्या माहितीत डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांच्या नोंदीही होत्या. डॉक्टरला शंका आली, त्याने औषध लिहिले, आणि ते पाहून यंत्राने सांगितले की शंका घ्यायला हरकत नाही.

याच्या शेजारी जॉन्स हॉपकिन्सचा अभ्यास ठेवावा. सुची सारिया आणि सहकाऱ्यांची सेप्सिसची प्रणाली पाच रुग्णालयांत वापरली गेली, आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्या रुग्णांचा इशारा डॉक्टर किंवा परिचारिकेने तीन तासांच्या आत पाहून ‘होय, बरोबर’ असे नोंदवले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा सापेक्षतः १८.७ टक्के कमी होते. बातम्यांत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने मृत्यू घटवले’ असे मथळे झळकले. सावध वाचक इथे थबकेल. इशारा तीन तासांत पाहिला गेला तो वॉर्ड आणि राहून गेला तो वॉर्ड, यांत मुळातच फरक असू शकतो. जिथे हात पुरेसे, तिथे इशाराही लवकर पाहिला जाणार आणि रुग्णही. चिठ्ठ्या टाकून केलेला हा प्रयोग नव्हता. तरी एक गोष्ट त्यातून नक्की दिसते. इशारा आणि परिणाम यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे, आणि गुण त्याच्या हातून येतो.

तो माणूस कोण, हे ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात कळले. तिथे २०१८ पासून ‘सेप्सिस वॉच’ वापरात आले. इशारे डॉक्टरांच्या पडद्यावर न टाकता अनुभवी परिचारिकांच्या एका गटाकडे द्यायचे, आणि त्यांनी आपत्कालीन विभागातील डॉक्टरला फोन करायचा, अशी रीत ठरली. समाजशास्त्रीय अंगाने या प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्या मॅडेलीन एलिश यांनी या परिचारिकांचे न दिसणारे काम टिपले आहे. डॉक्टर कोणत्या क्षणी ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो, त्याच्या अधिकाराला धक्का न लावता ‘एकदा बघता का’ कसे म्हणायचे, फोन करण्याआधी केस स्वतः किती वाचून ठेवायची, हे सगळे त्यांनी आपापले घडवले होते. ते कोणाच्याही करारपत्रात नव्हते. आपल्याकडच्या कोणत्याही इन्चार्ज सिस्टरला यात नवल वाटणार नाही. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला न दुखवता उठवणे हे तिचे रोजचे काम आहे. साधनाच्या खर्चात ते कोणी धरत नाही, एवढेच.

यंत्र शिकते कशावरून, हे समजण्यासाठी न्यूमोनियाची एक जुनी गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. १९९० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला जिवाचा धोका अधिक, हे ओळखणारी मॉडेले बनवली गेली. त्यांतल्या एकाने नियम शोधला की दमा असलेल्या रुग्णाला धोका कमी. कोणताही इंटर्न हसेल. पण विदेत, म्हणजे जमवलेल्या नोंदींत, तसेच होते. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट आयसीयूत हलवत, सगळे त्याच्याभोवती जमत, म्हणून तो वाचे. यंत्राला मृत्यूचा आकडा दिसला, धावपळ दिसली नाही. त्याच्या सल्ल्याने दमेकऱ्याला घरी पाठवले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. त्या कामातील एक संशोधक रिच करुआना यांनी पुढे ही गोष्ट जगभर पोहोचवली. सर्वांत अचूक ठरलेले मॉडेल त्यांनी तेव्हा वापरू दिले नव्हते. कारण हा एक विचित्र नियम दुसऱ्या, वाचता येणाऱ्या मॉडेलमुळे सापडला होता. न वाचता येणाऱ्यात असे आणखी किती असतील, हे कोण सांगणार?

२०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे एक गणिती साधन ‘आजाराची तीव्रता’ म्हणून खरे तर ‘उपचारांवर झालेला खर्च’ मोजत होते. कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, म्हणून यंत्राच्या लेखी ते कमी आजारी. हे परक्या मुलखातले म्हणून सोडून देऊ नये. उद्या कोणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यांवर मॉडेल उभारले, तर ती नोंद मुळात पैसे मिळावेत म्हणून तयार झालेली आहे, हे त्याने भिंतीवर लिहून ठेवावे.

आपल्या विदेची दुसरी अडचण केसपेपरवरची. बाई ओपीडीत येऊन म्हणतात, कळ येते, मुरडा येतो, ठणकतंय, भगभगतंय. लिहिणारा लिहितो, ‘पेन इन अ‍ॅब्डोमेन’. पोटात येऊन-जाऊन पिळवटणारी वेदना आणि सतत ठणकणारी वेदना यांत निदानाचा फरक आहे. लीड्सच्या तक्त्यात त्यासाठी वेगळी घरे होती. आपल्या नोंदीत ती माहिती टेबलाच्या अलीकडेच गळते, आणि गळलेल्या नोंदीवर शिकणाऱ्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

नेत्रपटलाची कथा भारतातून सुरू होते. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा छायाचित्रावरून ओळखणारे गूगलचे साधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते घडवताना अमेरिकेबरोबरच मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय यांच्याकडची छायाचित्रे वापरली होती. प्रयोगशाळेत त्याची कामगिरी नेत्रतज्ज्ञांच्या बरोबरीची. पुढे ते थायलंडच्या ११ दवाखान्यांत गेले, आणि एमा बीडी यांच्या गटाने तिथे बसून काय होते ते पाहिले. अंधारी खोली सगळीकडे नव्हती. दिवे लावलेल्या खोलीत काढलेली छायाचित्रे यंत्राला पसंत पडेनात. पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के त्याने ‘तपासण्यायोग्य नाही’ म्हणून परत केली. नियमाप्रमाणे अशा रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात तज्ज्ञाकडे पाठवायचे. म्हणजे रोजगार बुडवून, गाडीभाडे खर्चून जायचे, आणि तेही डोळे कदाचित चांगले असताना. काही परिचारिका रुग्णांना आधीच सांगू लागल्या की यात भाग घेऊ नका. साधनाविरुद्ध त्यांचे काही नव्हते. रुग्णाची फरफट त्यांना दिसत होती.

याउलट, साधन नेमक्या जागी बसले की काय होते याचे उदाहरण क्षयरोगाच्या एक्स-रेचे. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीत छातीचा एक्स-रे माणसाऐवजी संगणकाने वाचायला मान्यता दिली. २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘क्युअर डॉट एआय’ ही कंपनी या कामातील जगातल्या ओळखीच्या नावांपैकी एक आहे. इथे तुलना निष्णात रेडिओलॉजिस्टशी नाही. ज्या तालुक्यात फिल्म वाचायला कोणी नाही आणि ती आठवडाभर पडून राहते, तिथल्या त्या आठवड्याशी आहे. यंत्र ‘संशयित’ म्हणाले तर पुढे थुंकीची तपासणी आहेच. त्याची चूक पुढच्या पायरीवर पकडली जाते. नव्या साधनाविषयी मला पहिल्यांदा विचारावेसे वाटते ते हे, की त्याची चूक कुठे आणि कोण पकडेल.

तो पकडणारा माणूस शाबूत राहतो का, हा सध्याचा सर्वांत तापलेला वाद. २०२३ मध्ये स्तनाच्या मॅमोग्राफीवर केलेल्या एका प्रयोगात यंत्राने मुद्दाम चुकीचे सुचवले, तेव्हा नवख्याच काय, मुरलेल्या रेडिओलॉजिस्टांचीही अचूकता कोसळली. २०२५ मध्ये पोलंडहून अहवाल आला. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत यंत्राची सवय झालेले डॉक्टर यंत्राविना तपासणी करत, तेव्हा गाठी सापडण्याचे प्रमाण आधीच्या २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले होते. हाही निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे, त्याला इतर कारणे असू शकतात. पण ज्या कॉलेजांत आज इंटर्न ईसीजी वाचायला शिकत आहेत, तिथे त्याची चर्चा व्हायला हवी. दुसऱ्या बाजूला स्वीडनचा मोठा प्रयोग आहे. ८० हजार स्त्रियांपैकी निम्म्यांच्या मॅमोग्राफीत यंत्राची साथ घेतल्यावर फिल्म वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोग सापडण्यात कमतरता आली नाही. तिथे यंत्राने पहिली चाळणी केली आणि कमी धोक्याच्या फिल्म दोघांऐवजी एकाने वाचल्या. काम कसे वाटले, यावर बरेच अवलंबून.

भाषिक मॉडेलांविषयी इतके रोज लिहिले जाते की मी एकच अभ्यास सुचवतो. नैरोबीतील ‘पेंडा हेल्थ’च्या १५ दवाखान्यांत, सुमारे ४० हजार भेटींमध्ये, असे साधन डॉक्टरच्या मागे शांत बसून नोंदी वाचत होते आणि गंभीर चूक दिसली तरच लाल खूण दाखवत होते. पाहणाऱ्या तज्ज्ञांना निदानाच्या चुका १६ टक्के कमी आढळल्या. रुग्णांच्या अंतिम प्रकृतीत मात्र ठळक फरक दिसला नाही. साधन बनवणारी कंपनी अभ्यासात सहभागी होती, हे ध्यानात धरूनच वाचावा. मला त्यातले सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे वाटतात. लाल खुणांकडे बराच काळ दुर्लक्ष झाले, आणि सहकाऱ्यांनीच एकमेकांना शिकवले तेव्हा ते कमी झाले.

कायद्याचे थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येते, आणि २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या विषयावर नीतिनियमावली काढली. खरी गाठ हलगर्जीपणाच्या कायद्यात आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सामान्य सक्षम डॉक्टर काय करेल, हाच निकष धरला. यंत्राचे ऐकून चुकलेला डॉक्टर आज अडचणीत येईल. यंत्र वापरणे हीच सामान्य रीत झाली, की न ऐकता चुकलेलाही येईल. यावर लिहायला मराठी जाणणाऱ्या वकिलांनी यावे, त्यांची फार गरज आहे.

ज्यांना प्रत्यक्ष काम करायचे आहे त्यांनी मोठ्या विदासंचाची वाट पाहू नये. आपल्या रुग्णालयात आधीच चालू असलेले एखादे साधन निवडा. ईसीजी यंत्राच्या कागदावर वर छापून येणारे निदानही चालेल. महिनाभर नोंदवा : किती वेळा काही छापून आले, किती वेळा कोणी वाचले, वाचून काय बदलले, आणि बदलले नाही तर का. सिस्टर, तंत्रज्ञ आणि निवासी डॉक्टर यांना वेगवेगळे विचारा, एकत्र विचारले तर सगळे साहेबांसारखेच उत्तर देतात. संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज मात्र सर्वांत आधी करा. तिची बैठक दर महिन्याला होईलच असे नाही.